ट्रान्सक्रिप्शनचं फूट पेडल निवडताना टाच कुठे टेकते ते आधी बघा

मुलाखती, सभांची रेकॉर्डिंग, डॉक्टरांचं डिक्टेशन, संशोधनासाठी गावोगावी घेतलेल्या गटचर्चा, यांपैकी काहीही जे रोज चार-पाच तास ऐकून टाईप करतात, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन करतात, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. फूट पेडल म्हणजे ऑडिओ चालू, बंद किंवा मागे-पुढे करण्यासाठी टेबलाखाली ठेवून पायाने दाबायचं बटण. महिन्यातून एखादी क्लिप टाईप करायची असेल तर पेडलवर पैसे घालू नका, कीबोर्ड पुरतो. रोजचं काम असेल तर मात्र पेडल ही चैन नाही, आणि चुकीचं पेडल घेतलं तर ते दोन आठवड्यांत टेबलाखाली धूळ खात पडतं.

पेडल का लागतं ते आधी आकड्यांत बघू. माणूस साधारण मिनिटाला १२० ते १५० शब्द बोलतो. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेला मराठीचा वेग ३० आणि ४० शब्दांचा असतो. म्हणजे बोलणारा आपल्या तिपटी-चौपटीने पुढे पळतो आणि थांबत-थांबत जाण्याला पर्याय नसतो. ऐकलेलं एका दमात डोक्यात राहतं ते १०-१५ शब्द, म्हणजे सहा-सात सेकंदांचं बोलणं. त्या हिशेबाने तासाभराच्या ऑडिओत पाचशेच्या वर वेळा थांबावं लागतं आणि तितक्याच वेळा पुन्हा चालू करावं लागतं. पेडल नसेल तर हजारावर वेळा हात कीबोर्डच्या मधल्या ओळीवरून उचलायचा आणि परत आणायचा.

वेळ जातो हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे चुका वाढतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं असतात. ऑडिओ थांबवायच्या वरच्या एफ कळीवरून हात परत येताना एकच कळ उजवीकडे टेकला, तर 'कर' टाईप करताना 'तक' उमटतं. स्पेलचेकला त्यात कधीकधी वावगं दिसतही नाही. नजर स्क्रीनवर नसेल तर अख्खी ओळ तशीच जाते आणि तपासताना पुन्हा ऑडिओ ऐकावा लागतो. पेडल असलं की हात जागेवरून हलतच नाहीत. मराठी टायपिंगला पेडलचा हा फायदा वेगाच्या फायद्याहून मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

दोन जाती

बाजारात पेडल दोन प्रकारची मिळतात. दिसायला सारखी असली तरी आत वेगळी असतात.

पहिला प्रकार खास ट्रान्सक्रिप्शनसाठी बनवलेला. यातलं सगळ्यात जास्त पाहायला मिळतं ते इन्फिनिटीचं यूएसबी-२ मॉडेल. मध्ये रुंद पेडल म्हणजे 'चालू', डावीकडचं लहान 'मागे', उजवीकडचं 'पुढे'. ऑलिम्पस आणि फिलिप्सचीही अशी पेडल आहेत, काही चार बटणांची. ही पेडल सहसा कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसत नाहीत. ती स्वतंत्र यंत्र म्हणून दिसतात आणि ट्रान्सक्रिप्शनचं सॉफ्टवेअर त्यांना थेट ओळखतं. पेडल दाबलं आणि पेडल सोडलं, या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरला वेगवेगळ्या कळतात. दाबून ठेवलं तोवर ऑडिओ चालू, पाय उचलला की बंद. सगळी सोय यातच आहे.

दुसरा प्रकार म्हणजे एक किंवा तीन बटणांचे स्वस्त यूएसबी फूटस्विच. हे कॉम्प्युटरला कीबोर्ड असल्याचं भासवतात. कंपनीच्या छोट्या प्रोग्रॅमने प्रत्येक बटणाला एक कळ नेमून द्यायची आणि ती पेडलच्याच मेमरीत साठते. किमतीत पहिल्या प्रकाराच्या कितीतरी खाली. गेमिंगसाठी, संगीतासाठी, फोटो एडिटिंगसाठी विकतात, म्हणून जाहिरातीत 'ट्रान्सक्रिप्शन' हा शब्द असेलच असं नाही.

दुसऱ्या प्रकारात एक अडचण हमखास येते. बटण दाबून ठेवलं की विंडोज तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवत राहते, जशी कीबोर्डवर एखादी कळ दाबून धरली की 'कककककक' उमटतं. सॉफ्टवेअरमध्ये 'चालू-बंद' एकाच कळीवर असेल तर ऑडिओ उचकी लागल्यासारखा तुटक वाजतो. काही पेडलच्या प्रोग्रॅममध्ये कळ एकदाच पाठवण्याची सोय असते, ती निवडावी. पण मग एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, अशी पद्धत पत्करावी लागते. दाबून-धरून चालवायचं असेल तर ऑटोहॉटकी हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यात दोन ओळी लिहा: पेडलची कळ खाली गेली की 'चालू'ची कळ पाठव, वर आली की 'थांबा'ची. एक्स्प्रेस स्क्राइब या ट्रान्सक्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन कळा मुळातच वेगळ्या आहेत, एफ ९ म्हणजे चालू आणि एफ ४ म्हणजे थांबा. मागे जाण्यासाठी एफ ७, पुढे जाण्यासाठी एफ ८. त्यामुळे तिथे हे जमतं. जिथे चालू आणि थांबा एकाच कळीवर आहेत, तिथे ही युक्ती गोंधळ वाढवते.

पेडलला अ-आ-इ उमटवणारी अक्षराची कळ कधीच देऊ नका. शक्य असेल तर एफ १३ किंवा त्यापुढची कळ द्या. या कळा नेहमीच्या कीबोर्डवर नसतात, पण विंडोजला त्या कळतात. त्या कुणाच्याच वाटेत येत नाहीत. याउलट एफ ८ सरळ वर्डमध्ये गेली तर काय होतं ते पाहा. वर्ड मजकूर निवडत जाण्याच्या मोडमध्ये शिरतं. मग तुम्ही 'म' टाईप केलात तर 'म' उमटत नाही, कर्सरपासून पुढच्या 'म'पर्यंतचा मजकूर निवडला जातो. गोंधळून डिलीट दाबलं की तेवढा तुकडा गायब. असं झालं की आधी एस्केप दाबा, मग बाणाची कळ, आणि काही गेलं असेल तर कंट्रोल-झेड. मुळात हे होतं कारण एक्स्प्रेस स्क्राइब बंद असतं, किंवा त्यातला सिस्टिमभर हॉटकी (दुसऱ्या खिडकीत असतानाही चालणाऱ्या कळा) चालू ठेवण्याचा पर्याय बंद असतो. तो पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा.

पायाची गोष्ट

किंमत, बटणांची संख्या, कंपनी हे सगळं नंतर. दिवसभरात जे पेडल सगळ्यात जास्त वेळ दाबलेलं राहतं ते 'चालू'चं. त्याची उंची आणि त्याची स्प्रिंग, या दोनच गोष्टींवर पाय दुखणार की नाही हे ठरतं.

टाच जमिनीवर पूर्ण टेकलेली हवी आणि चवडा पेडलच्या पुढच्या कडेवर सहज पोचायला हवा. पेडल उंच असेल तर चवडा वर धरून ठेवावा लागतो आणि तासाभरात नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू भरून येतो. बऱ्याच जणांना हे दुखणं खुर्चीमुळे आहे असं वाटतं. उलट पेडल लांब सरकवलेलं असेल तर टाच उचलली जाते आणि ताण पोटरीवर येतो. म्हणून पेडलची जागा ठरवताना आधी पाय सैल ठेवून बसा, टाच गुडघ्याच्या बरोबर खाली किंवा किंचित पुढे येऊ द्या, आणि मग पेडल चवड्याखाली सरकवा. पेडल ठेवून त्याच्यापाशी पाय नेणं ही उलटी रीत झाली.

स्प्रिंग तपासायची घरगुती पद्धत अशी. पेडलच्या पुढच्या कडेवर मोबाइल ठेवा. साधारण २०० ग्रॅमच्या मोबाइलने ते खाली जाता कामा नये, नाहीतर पाय नुसता टेकवला तरी ऑडिओ सुरू होतो, आणि तो होऊ नये म्हणून तुम्ही नकळत पाय अधांतरी धरता. आता एक किलो साखरेचा पुडा ठेवा. त्याने पेडल खाली जायला हवं. जात नसेल तर स्प्रिंग कडक आहे. पहिला तास काही वाटणार नाही, चौथ्या तासाला घोटा बोलू लागेल. हे माप काही कारखान्याचं नाही, पण दोन पेडलमधला फरक त्याने चटकन कळतो.

आपल्याकडे घरून काम करणारे बहुतेक जण अनवाणी बसतात. विकत घेताना हे लक्षातच येत नाही. बुटांसाठी बनवलेल्या पेडलवर धातूची खरखरीत पट्टी किंवा टोकदार कड असते आणि ती अनवाणी चवड्याला दिवसभर टोचते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला की काम भागतं. फोम चिकटवू नका, तो दबत जातो आणि पेडल नेमकं कुठे लागलं ते पायाला कळेनासं होतं.

दुसरी अडचण फरशीची. गुळगुळीत टाइल्सवर हलकं पेडल दर दाबण्याला एक-दोन मिलिमीटर पुढे सरकतं आणि दुपारपर्यंत भिंतीला टेकतं. खालची रबरी बुटं पुसली की थोडी पकड येते, पण कायमचा उपाय म्हणजे फळी. साधारण ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल प्लायची फळी घ्या, तिच्या खाली न घसरणारी रबरी चटई चिकटवा आणि पेडल तिच्यावर वेल्क्रोने बसवा. फळी एवढी रुंद घ्यायची कारण दुसरा पायही तिच्यावरच यायला हवा. एक पाय फळीवर, एक जमिनीवर असं दिवसभर बसलं की कंबर एका बाजूला कलते. ज्यांचे पाय खुर्चीत बसल्यावर जमिनीला टेकत नाहीत, त्यांनी खुर्ची खाली करण्यापेक्षा फळीखाली उंची द्यावी. खुर्ची खाली केली की कीबोर्ड उंच होतो आणि खांदे चढतात.

तीन बटणांच्या पेडलमध्ये मधलं आणि डावीकडचं, यांच्यात जाताना टाच जागेवर राहून फक्त चवडा वळायला हवा. टाच उचलून पाय हलवावा लागत असेल तर बटणं एकमेकांपासून फार लांब आहेत. तुमचं पाऊल लहान असेल तर हे आवर्जून तपासा. चार बटणांच्या मोहात सहसा पडू नये. पुढे पळवण्याचं बटणसुद्धा ट्रान्सक्रिप्शनमध्ये क्वचितच लागतं. रोजच्या कामात चालू आणि मागे, एवढ्या दोनवरच सगळं निभतं. दिवसाच्या मध्यावर पाय बदला. मधलं पेडल रुंद असेल तर डाव्या पायानेही दोन दिवसांत जमतं.

सॉफ्टवेअर आणि मागे सरकणं

पेडलच्या सोयीतला निम्मा वाटा सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगचा आहे. पेडल सोडलं की ऑडिओ आपोआप थोडा मागे सरकायला हवा, म्हणजे पुन्हा दाबल्यावर शेवटचे दोन शब्द परत ऐकू येतात. एक्स्प्रेस स्क्राइबमध्ये हे मिलिसेकंदांत भरावं लागतं, १००० म्हणजे एक सेकंद. स्वच्छ डिक्टेशनला १००० पुरतं. मुलाखतीला १५०० ते २००० ठेवा. दोन-तीन माणसं एकदम बोलत असतील तर त्याहून थोडं जास्त. हे नीट बसलं की मागे जाण्याचं बटण फार क्वचित लागतं, आणि पायाचे कष्ट तिथेच निम्मे होतात.

मराठीत थांबायची जागाही महत्त्वाची. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुधा शेवटीच. 'त्या वर्षी पाणी सोडलं' इथे पाय उचलला आणि पुढे 'नव्हतं' होतं, तर वाक्य उलटं होतं. टाईप करताना पुढचं ऐकलं की ते दुरुस्त होतं, पण एकदा तंद्री लागली की निसटतं. श्वासावर थांबू नका, क्रियापदावर थांबा. वाक्य फार लांब असेल तर 'म्हणून', 'पण', 'तर' अशा जोडावर. मागे सरकण्याचं माप मोठं ठेवलं तर ही चूक झाली तरी पकडली जाते.

वेग कमी करण्याचा पर्याय जपून वापरा. ७० टक्क्यांपर्यंत आवाज ठीक राहतो, ५० टक्क्यांच्या खाली शब्द ताणले जातात आणि 'स' नि 'श' यांतला फरकच ऐकू येत नाही. शिवाय १२० शब्दांचा निम्मा वेग ६० शब्द होतो, म्हणजे तरीही थांबावं लागतंच. भराभर बोलणाऱ्याला ८० टक्क्यांवर आणा आणि बाकीचं पेडलवर सोडा.

ब्राउझरमध्ये चालणारं ओट्रान्स्क्राइब मोफत आहे आणि त्यात ऐकणं आणि टाईप करणं एकाच खिडकीत होतं, त्यामुळे कीबोर्डसारखं वागणारं स्वस्त पेडल तिथे चालतं. एस्केप म्हणजे चालू-थांबा, एफ १ मागे, एफ २ पुढे. पण चालू आणि थांबा एकाच कळीवर असल्याने तिथे दाबून-धरून पद्धत सोडून द्यावी लागते. शिवाय तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात की पेडल तिथली कळ दाबू लागतं, हेही ध्यानात ठेवा.

हल्ली आधी कॉम्प्युटरकडून मराठी मजकूर तयार करून घ्यायचा आणि मग दुरुस्त करायचा, अशीही कामं येतात. त्यातही पेडल तितकंच लागतं, किंबहुना जास्त, कारण दुरुस्तीत हात माउस आणि कीबोर्ड दोन्हींवर असतात. फक्त मागे सरकण्याचं माप अर्ध्या सेकंदावर आणा.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

जुनं पेडल स्वस्तात मिळत असेल तर आधी त्याची पिन बघा. कॅसेट मशीनबरोबर आलेल्या पेडलना जॅक किंवा गोल पिन असते. त्यानंतरच्या काळातल्यांना ९ पिनांचा सीरियल किंवा १५ पिनांचा गेम पोर्ट असतो. आजच्या लॅपटॉपवर यातलं काहीच चालत नाही. ॲडॉप्टर मिळतात, पण जॅकच्या पेडलला साधा जोड देऊन चालत नाही, आत सर्किट लागतं. नको त्या वाटेला जाऊ.

कॅसेटवरच्या जुन्या मुलाखती टाईप करायच्या असतील आणि त्यासाठी पेडलवालं कॅसेट मशीन शोधत असाल, तर थांबा. एकाच जागेवर टेप शेकडो वेळा मागे-पुढे केली की ती ताणली जाते, आणि त्या मुलाखतीची दुसरी प्रत बहुधा नसते. एकदा सरळ वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि नंतरचं सगळं काम त्या फाइलवर करा.

ग्राहकाकडून ऑडिओ डीएसएस किंवा डीएस२ फाइलमध्ये येत असेल (डिक्टेशनच्या रेकॉर्डरमध्ये हा प्रकार चालतो), तर ती फाइल कोणतं सॉफ्टवेअर उघडतं ते आधी ठरवा आणि मग त्या सॉफ्टवेअरला चालणारं पेडल घ्या. उलट क्रमाने गेलात तर पेडल एकीकडे आणि फाइल दुसरीकडे. ऑलिम्पस आणि फिलिप्सची पेडल घेताना हे खास विचारा, कारण ती मुळात त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरबरोबर वापरायला बनवली आहेत.

ऑनलाइन घेतलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत सलग दोन तासांचं खरं काम त्यावर करून बघा. दहा मिनिटांत कुठलंच पेडल दुखत नाही.

बिघाड

'पेडल मधूनच चालत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा पेडलची नसते. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'कॉम्प्युटरला हे बंद करू द्या' यावरची खूण काढा. त्याने सुटलं नाही तर पेडल लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावून बघा.

वायर तुटते ती दोनच ठिकाणी: पेडलमधून बाहेर पडते तिथे, किंवा चाकाच्या खुर्चीखाली येते तिथे. फळीच्या मागच्या कडेला एक वळसा देऊन क्लिपने दाबून टाका, म्हणजे ओढ पेडलवर येत नाही.

पेडल दाबूनही कधी लागतं, कधी नाही, किंवा एका दाबात दोनदा लागतं, तर आतला छोटा स्विच, म्हणजे मायक्रोस्विच, गेला आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे जास्त होतं, दमटपणाने आतले संपर्क काळवंडतात. खालचे स्क्रू काढून आधी केस आणि धूळ साफ करा; पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर स्विच बदलता येतो. तो काढून सोबत न्या आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचा मागा. दोन गोष्टी जुळवा: स्विचच्या पायांची (पिनांची) संख्या आणि वरच्या पट्टीची लांबी. पट्टी जुळली नाही तर पेडल अर्ध्यावरच लागतं किंवा तळाशी दाबूनही लागत नाही. डाग देताना (सोल्डर करताना) वायरी कुठल्या पायांना होत्या त्याचा मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा. तीन पायांच्या स्विचमध्ये वायर चुकीच्या पायाला लागली तर पेडल उलटं वागतं, पाय उचलला की ऑडिओ चालू आणि दाबलं की बंद.